जीप फक्त घाटातच का तापते? जुन्या गाडीतला बिघाड फोनने असा शोधला

एप्रिल महिना, सकाळी साडेसहाची वेळ. पवईहून मी आणि बाबा घोटीजवळच्या आमच्या गावी निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. जेव्हीएलआर, ठाणे, भिवंडी बायपास, शहापूर, सगळं आरामात पार पडलं. तापमानाचा काटा अगदी मधोमध. कसारा घाट सुरू झाला, मी गिअर खाली घेतला आणि तीन-चार वळणांनंतर काटा वर सरकायला लागला. अर्धा घाट चढेपर्यंत तो लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली.

"बाजूला घे. आणि झाकणाला हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. इंजिन निवल्यावर पाणी टाकलं आणि हळूहळू घर गाठलं. त्या महिन्यात असं दुसऱ्यांदा झालं होतं. परत येताना बाबा एवढंच बोलले, "ऑक्टोबरमध्ये पासिंग संपतंय. त्याच्या आत काढून टाकू."

गाडी म्हणजे १९९५ची महिंद्रा एमएम ५४० जीप. आजोबांनी घेतलेली. बाबा गाडी चालवायला शिकले ते हिच्याच आधीच्या जीपवर, आणि मी शिकलो हिच्यावर. त्यामुळे "काढून टाकू" हे शब्द त्यांनाही सोपे गेले नसणार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री कॉम्प्युटरची, मेकॅनिकलची नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत या जीपने मला डीबगिंगचा जो धडा दिला, तो ऑफिसात सहा वर्षांत मिळाला नव्हता. त्यासाठी लागलेलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तुमच्या खिशातच आहे. ते कसं वापरायचं, ते या लेखात बघू.

आधी माझी चूक सांगतो

चांदिवलीतल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना जीप दाखवली. त्यांनी लक्षणं ऐकली, बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं असणार. हेड उतरवावं लागेल." अंदाजे खर्च ३५ हजार. त्यांचं पूर्णपणे चुकलं असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांचं डिझेल इंजिन घाटात उकळतंय म्हटल्यावर हा संशय येणारच.

मी म्हटलं, आधी स्वस्तातले उपाय करू. दोन रात्री व्हिडिओ बघितले आणि एका रविवारी वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंट, तिन्ही एकदम बदललं. खर्च ६,४०० रुपये. पवईत दोन आठवडे जीप फिरवली, काटा मधोमध. मला वाटलं जिंकलो. पुढच्या वेळी कसारा घाटात जीप पुन्हा उकळली.

म्हणजे मी काय केलं होतं? लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट केला होता. वर तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या, त्यामुळे कशाने काय झालं हेही कळायला मार्ग नव्हता. आणि चाचणी घेतली पवईत, जिथे बिघाड दिसतच नव्हता.

तेव्हा ठरवलं, आता मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

इंजिन थंड कसं राहतं?

डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच चाकं फिरवायच्या कामी येतो. उरलेल्यातली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि बरीचशी इंजिनच्या धातूत उतरते. ती काढून घ्यायचं काम कूलंट करतो. वॉटर पंप कूलंटला इंजिनमधून फिरवतो, गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातो, तिथे हवा त्याला थंड करते आणि तो परत इंजिनमध्ये येतो.

यात दोन छोट्या वस्तू महत्त्वाच्या आहेत:

- थर्मोस्टॅट: इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह. ठरावीक तापमानाला तो आपोआप उघडतो. ते तापमान बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेलं असतं.
- रेडिएटरचं झाकण: हे नुसतं बूच नाही. ते आत दाब धरून ठेवतं. झाकणाने ७ पीएसआय दाब धरला, तर साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं. म्हणूनच गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब गेला की ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं.

आता हवेचं बघू. रेडिएटरला हवा दोन मार्गांनी मिळते. गाडी वेगात असेल तर समोरून वारा आपोआप येतो. गाडी हळू असेल तर पंख्याने ओढावी लागते. आजच्या बऱ्याच गाड्यांत पंखा विजेवर चालतो. माझ्या जीपमध्ये तो इंजिनच्या पुलीवरून बेल्टने फिरतो. वॉटर पंपही त्याच बेल्टवर.

घाटातच का? या प्रश्नातच उत्तर होतं

मी एक साधा तक्ता केला, फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये:

- पवईतली ट्रॅफिक: इंजिनचा वेग कमी, गाडीचा वेग कमी. तापत नाही.
- हायवे: इंजिनचा वेग मध्यम, गाडीचा वेग जास्त. तापत नाही.
- घाट: इंजिनचा वेग जास्त, गाडीचा वेग कमी, वर लोड. तापते.

हेड गॅस्केट गेलं असेल तर बिघाड सहसा इतका शिस्तीत वागत नाही. तरी मी त्याची प्राथमिक तपासणी केली. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस आहे का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, थंड इंजिन झाकण काढून सुरू केलं तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, सुरू केल्यावर दोन मिनिटांतच होज टणक होतो का. चारही उत्तरं "नाही" अशी आली. याने गॅस्केट शंभर टक्के ठीक आहे असं सिद्ध होत नाही, पण ३५ हजार खर्च करण्याआधी बाकीच्या शक्यता तपासायला हे पुरेसं कारण होतं.

हायवेला वारा मदत करतो. घाटात वारा नाही, सगळा भार पंख्यावर. मग संशय पंख्यावर. पण पंखा तर फिरताना दिसत होता! आता प्रश्न एवढाच होता, जितक्या वेगाने फिरायला हवा तितक्या वेगाने फिरतोय का?

फोन नंबर एक: मायक्रोफोन म्हणजे आरपीएम मीटर

माझ्या जीपला आरपीएम मीटर नाही. इंजिन मिनिटाला किती फिरक्या मारतंय ते कळल्याशिवाय पंख्याचा हिशोब करणं अशक्य. इथे आवाज उपयोगी पडतो.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक फिरकीत दोनदा स्फोट होतात. म्हणजे इंजिन सेकंदाला जितक्या फिरक्या मारतं त्याच्या दुप्पट वेळा "धड" असा आवाज होतो. ही वारंवारता मोजली की झालं:

आरपीएम = वारंवारता (हर्ट्झमध्ये) × ३०

२५ हर्ट्झ म्हणजे ७५० आरपीएम. सुमारे ८३ हर्ट्झ म्हणजे २५०० आरपीएम. तीन सिलिंडरची गाडी असेल तर ३० ऐवजी ४० ने गुणा.

यासाठी मी फायफॉक्स हे मोफत ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने ते विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी बनवलंय. फोनमधले सेन्सर थेट वाचता येतात आणि आवाजाचा स्पेक्ट्रम ग्राफवर दिसतो. एक अडचण येते. फोनचे माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असल्यामुळे २५ हर्ट्झसारखा खोल आवाज त्यांना नीट पकडता येत नाही. अशा वेळी ग्राफवर वरच्या बाजूला ५०, ७५, १०० असे टोकदार उंचवटे शोधा. दोन उंचवट्यांमधलं अंतर हीच तुमची मूळ वारंवारता.

जाता जाता एक सूचना. आवाज मोजणाऱ्या ॲपला माइकची परवानगी लागणारच. पण ते कॉन्टॅक्ट्स किंवा एसएमएस मागत असेल तर सरळ अनइन्स्टॉल करा.

फोन नंबर दोन: स्लो-मोशनने पंखा मोजला

पंख्याच्या एका पात्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवणं धोक्याचं, धूर कोंडतो. शिवाय घरगुती विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे स्लो-मोशनमध्ये पट्टे दिसतात. म्हणून सेक्रेटरींची परवानगी काढून रविवारी सकाळी जीप उघड्या पार्किंगमध्ये, उन्हात लावली.

फोन ट्रायपॉडवर, पंख्यापासून लांब. सैल बाह्या, गळ्यातली चेन, लटकणारी वायर, काहीही जवळ नको. रेकॉर्डिंग २४० फ्रेम्स प्रति सेकंद. बाबा ॲक्सिलरेटरवर, दुसरा फोन आवाज ऐकतोय. इंजिन आधी चांगलं गरम होऊ दिलं.

नंतर व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवायचा आणि ठिपक्याच्या १० फिरक्यांना किती फ्रेम्स लागल्या ते मोजायचं. फोन २४० वर असेल तर हिशोब सोपा आहे:

पंख्याचा आरपीएम = १,४४,००० ÷ १० फिरक्यांच्या फ्रेम्स

दोन्ही पुलींचा व्यास मोजून मी आधीच काढलं होतं की इंजिनच्या प्रत्येक १० फिरक्यांना पंख्याच्या ११ व्हायला हव्यात. माझे आकडे असे आले:

- इंजिन ७५०: पंखा ८२५ हवा. लागल्या १७५ फ्रेम्स, म्हणजे ८२३. उत्तम.
- इंजिन २०००: पंखा २२०० हवा. लागल्या ७४ फ्रेम्स, म्हणजे १९४६. कमी.
- इंजिन २५००: पंखा २७५० हवा. लागल्या ७२ फ्रेम्स, म्हणजे फक्त २०००.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. इंजिन २००० वरून २५०० वर गेलं, पण पंखा जवळजवळ तिथेच थांबला. जणू कोणी त्याला २००० वर लिमिट लावली होती. बेल्ट घसरत होता.

हे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं. कानाला ऐकूही आलं नाही, कारण या इंजिनच्या खडखडाटात बेल्टची चीची पार बुडून जाते.

पण बेल्ट तर घट्ट होता!

मला सगळ्यात जास्त लाज इथे वाटली. वॉटर पंप बदलताना तोच बेल्ट मी काढला होता आणि तोच परत बसवला होता. बोटाने दाबून पाहिला, घट्ट लागला, म्हणून सोडून दिला.

आता नीट पाहिलं. या जुन्या गाड्यांत व्ही-बेल्ट असतो. त्याचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, खाली निमुळता. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा अडकतो आणि पकड धरतो ती दोन्ही बाजूंनी. खालच्या तळाला तो टेकायलाच नको. माझा बेल्ट खाचेपेक्षा अरुंद होता, त्यामुळे आत खोल जाऊन तळावर बसला होता. पाचर संपली, पकड संपली. कितीही ताणला तरी बोटाला घट्ट लागणार, पण ताकद येणार नाही. याची खूण काय? पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत झालेला आणि आजूबाजूला काळी रबराची पूड. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

मग शहरात तो का चालत होता? कारण पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट केला तर ताकद २७ पट लागते. कमी वेगात अर्धवट पकडही पुरायची. घाटात इंजिन जोरात फिरलं की बेल्टचा दम संपायचा, आणि पंख्याबरोबर वॉटर पंपही मागे पडायचा, नेमका सगळ्यात गरज असताना.

गावी काकांना फोन केला. "काका, जीपचा बेल्ट कधी बदललेला?"

"अरे, त्या पावसाळ्यात रस्त्यातच तुटला होता ना. दुकानात होता तो टाकला. तात्पुरता." काका थांबले. "पाच वर्षं झाली असतील बघ."

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना "तात्पुरता" हा शब्द चांगला माहीत आहे. आमच्याकडेही सगळ्यात जास्त टिकणारा कोड तोच असतो.

योग्य मापाचा बेल्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला, ३८० रुपयांत. माप बेल्टच्या पाठीवर छापलेलं असतं, पण माझा जुना बेल्टच चुकीचा असल्यामुळे मी पुलीच्या खाचेची रुंदी मोजून आणि फोटो काढून नेले होते. मुंबईत या जीपचे पार्ट अजून मिळतात यामागे इतिहास आहे. महिंद्राने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईतच, माझगावला, त्यांची जोडणी सुरू केली होती. पुढे कांदिवलीचा कारखाना उभा राहिला. एमएम ५४० त्याच घराण्यातली, फक्त इंजिन प्युजोच्या डिझाइनचं २११२ सीसी डिझेल. आजची थारही याच वंशातली.

एका वेळी एकच बदल

बेल्ट बदलला आणि बाकी काहीही न बदलता पुन्हा तेच मोजमाप घेतलं. २५०० वर लागल्या ५३ फ्रेम्स, म्हणजे पंखा २७१७. अपेक्षेपेक्षा एक-दीड टक्का कमी, तेवढं व्ही-बेल्टमध्ये चालतं. त्यानंतर दुसरा, वेगळा बदल केला: रेडिएटरचं झाकण. त्याचं रबर कडक होऊन चिरलं होतं. २५० रुपये.

मग काटा खरं सांगतो का, हेही तपासलं. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या हौसिंगचं तापमान घेतलं. इथे एक गंमत आहे: चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचा, कमी आकडा दाखवतो. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

जून सुरू व्हायच्या आधी, कडक उन्हात, मुद्दाम दुपारी एक वाजता कसारा घाट चढलो. बाबा काट्याकडे बघत होते आणि दर दोन मिनिटांनी माझ्या फोनवर व्हॉइस नोटमध्ये बोलत होते. "मध्यावर. मध्यावर. थोडा वर. मध्यावर." इगतपुरी आलं तरी काटा लाल पट्ट्याच्या आसपासही गेला नाही. परत येईपर्यंत विकायचा विषय कोणीच काढला नाही.

एकूण खर्च ६३० रुपये. माझ्या अंदाजपंचे कारभाराचे ६,४०० वेगळे.

तुमच्या गाडीत कॉम्प्युटर असेल तर?

तुमच्याकडे नंतरची गाडी असेल, उदाहरणार्थ २०१० मध्ये आलेली पहिली थार सीआरडीई, तर तिच्यात ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर असतो. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड नोंदवण्याची व्यवस्था, एप्रिल २०१० पासून लागू झाली आणि दुसरा, जास्त सविस्तर टप्पा एप्रिल २०१३ पासून. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ॲडॅप्टर लावला की फोनवर कोड वाचता येतात. २०१३ च्या आधीच्या गाड्यांत मात्र साध्या ॲडॅप्टरला सगळं वाचता येईलच असं नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवा:

1. कोड म्हणजे साक्षीदार, आरोपी नाही. पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं. का तापलं, ते कोड सांगत नाही. माझ्या जीपमध्ये ईसीयू असता तरी त्याने बहुधा हाच कोड दिला असता, "बेल्ट अरुंद आहे" असा नाही.
2. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. बिघाडाच्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं याची नोंद (फ्रीझ फ्रेम) कोडबरोबरच पुसली जाते.
3. लाइव्ह डेटा बघा. तापमान घाटात चढतं की ट्रॅफिकमध्ये? माझा तीन ओळींचा तक्ता इथे आपोआप तयार होतो.
4. काम झालं की ॲडॅप्टर काढून ठेवा. तो बॅटरी खातो, आणि स्वस्त ॲडॅप्टरचा ब्लूटूथ पिन बहुतेक वेळा १२३४ असतो, म्हणजे शेजारून जाणाऱ्या कोणालाही तो जोडता येतो.

जुन्या फोर बाय फोरची घरची देखभाल

गाडी रस्त्याबाहेर जात असेल तर नेहमीच्या सर्व्हिसिंगशिवाय हे बघा:

- पाण्यातून गेल्यावर ॲक्सलचं ऑइल तपासा. गरम ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.
- ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेक वाळवा. ड्रम ब्रेक भिजले की पकडत नाहीत. हळू जात दोन-चारदा हलका ब्रेक दाबा.
- ग्रीस निपल विसरू नका. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे जोड, पाट्यांचे शॅकल. प्रत्येक निपलचा फोटो काढून एक अल्बम बनवा, म्हणजे एकही सुटणार नाही.
- फोर बाय फोर महिन्यातून एकदा वापरा, पण मातीवर. अशा जुन्या जीपमध्ये पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो ताण सगळा गिअरवर येतो.
- ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्याची किमान मर्यादा १४० अंशच असते. घाट उतरताना ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. म्हणून उतारावर गिअरमध्येच राहा.
- काहीही उघडण्याआधी फोटो. प्रत्येक पायरीचा. नट-बोल्ट काढलेल्या क्रमाने डब्यांत. हेच तुमचं गिट.

आणि हे घरी करू नका

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट जमीन, बाकीच्या चाकांना अडसर आणि खाली जॅक स्टँड, गॅरेजमध्ये ज्याला "घोडी" म्हणतात, हे तिन्ही हवंच.
- डिझेलचा इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर. चालू इंजिनवर गळती शोधायला हात फिरवू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसू शकते. जखम छोटी दिसते, पण ती तातडीने ऑपरेशन करायची केस असते.
- ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी हवा.
- जुना कूलंट आणि ऑइल गटारात ओतू नका. आपल्याकडची पाण्याची वाट शेवटी तलावाकडे किंवा मिठी नदीकडेच जाते. कूलंट चवीला गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणा विषारी. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. थर्मोस्टॅट गरम पाण्यात तपासायचा असेल तर भांडंही वेगळं ठेवा. आमच्याकडे एक पातेलं कायमचं स्वयंपाकघराबाहेर गेलंय, आणि आई ते विसरलेली नाही.

कागदपत्रांचं काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट बसवणं सक्तीचं आहे. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांची पीयूसी ६ महिनेच चालते. फी आणि नियम बदलत राहतात, तेव्हा एजंटकडे जायच्या आधी परिवहनच्या पोर्टलवर स्वतः बघा. नोंदणी कधी संपते ते एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की दिसतं.

ऑक्टोबरमध्ये आमच्या जीपचं पासिंग झालं. पुढची पाच वर्षं मिळाली.

चांदिवलीच्या त्या मिस्त्रींना मी नंतर स्लो-मोशनचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, मग शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या जीपचं बॉनेट उघडलं आणि बेल्टच्या खाचेचा तळ बोटाने पुसून पाहिला. "याच्यातही चकाकतोय," ते म्हणाले. त्या जीपच्या मालकालाही घाटात तापण्याचीच तक्रार होती.

तुमची गाडी, बाइक किंवा घरातला मिक्सर बिघडला तर पार्टची ऑर्डर द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. हे नेमकं कधी होतं? आणि मी ते मोजू कसं शकतो? पहिल्याचं उत्तर कागदावर तीन ओळींत लिहा. दुसऱ्यासाठी फोन आहेच.